घरच्या संगणकावरील तारांगण



कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव आणि त्याखालचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. यंत्रमाग कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाने बोनस, महागाई भत्ता आणि प्रॉव्हिडंट फंड यांवर बोलावे. तारे आणि संगणक यांच्या वाटेला त्याने का जावे? शंका रास्त आहे. सातवी इयत्ता संपली तशी माझी शाळा सुटली व मी मागावर गेलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे आणि या सोलापूर शहरातील वाचनालयांत. खगोलशास्त्राचा मी पंडित नव्हे. परंतु ‘आम्ही म्हणतो तीच वेळ, आम्ही म्हणतो तोच हिशेब’ हे वाक्य ज्याने आयुष्यभर ऐकले, त्याला पडताळून पाहण्याच्या साधनाची किंमत चांगली कळते. आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे ते अशा प्रकारचे आहे. ते फुकट मिळते, जुन्यापान्या संगणकावरही बहुधा चालते, आणि आकाशासंबंधी कोणी काही सांगितले तर ‘थांबा, पाहून सांगतो’ असे म्हणण्याचे बळ ते सामान्य माणसाला देते.

या साधनाचे नाव स्टेलॅरियम. फाबियाँ शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने सन २००० मध्ये त्याच्या कामास आरंभ केला. पुढे देशोदेशीच्या लोकांनी फावल्या वेळात त्यात भर घातली. कोणी ताऱ्यांच्या याद्या जोडल्या, कोणी भाषांतरे केली, कोणी चुका शोधून दुरुस्त केल्या. अशी बावीस वर्षे गेल्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्याची ‘१.०’ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ संचात सहा लाखांहून अधिक तारे आहेत. आणखी हवे असल्यास जादा याद्या उतरवून घेता येतात. त्यांच्या स्थानांमागे मोठी मोजणी उभी आहे. हिप्पार्कस नावाचा युरोपीय उपग्रह १९८९ मध्ये सोडण्यात आला. त्याने मोजलेल्या १,१८,२१८ ताऱ्यांची यादी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापुढची मोजणी २०१३ मध्ये गेलेल्या गाया या यानाने केली. एवढे धन आपल्या टेबलावर कोणतीही वर्गणी न भरता येऊन पडते.

ते फुकट का, हे येथेच सांगितले पाहिजे. कारण फुकट वस्तूविषयी आपला कामगार संशयी असतो, आणि तो अनुभवाने तसा झालेला आहे. हे सॉफ्टवेअर ज्या परवान्याखाली वाटले जाते तो रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८९ मध्ये प्रथम लिहिला. त्याचा मथितार्थ चार हक्कांत सांगता येतो: सॉफ्टवेअर हवे तसे वापरावे, त्याच्या आतील रचना उघडून अभ्यासावी, त्याच्या प्रती इतरांस द्याव्यात, आणि त्यात सुधारणा करून तीही वाटावी. अट एकच, की जो सुधारून वाटील त्याने पुढच्या माणसाला हेच हक्क दिले पाहिजेत. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरावयास सर्वांना मोकळीक असावी, पण कोणी तिला कुलूप लावू नये, असा हा करार आहे. संघटनेच्या कामात आयुष्य गेलेल्या मला तो वाचताना परका वाटला नाही. मात्र एक ध्यानात ठेवा. मी बोलतो आहे ते टेबलावरच्या संगणकासाठी असलेल्या आवृत्तीविषयी. फोनवरील आवृत्ती निराळी असून तिच्यातील काही सोयींना पैसे पडतात. संगणकावरील आवृत्तीसाठी कोणी पैसे मागू लागला तर त्याला नमस्कार करून परत फिरावे व प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यावी. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही व्यवस्थांसाठी ती मिळते.

आता मांडणी. संगणकात ते बसविणे अवघड नाही; पडद्यावरील ‘पुढे’, ‘पुढे’ या बटणांनी काम होते. संगणक फार जुना असेल तर चित्र काळे पडते किंवा सॉफ्टवेअर उघडतच नाही. याचे कारण बहुधा चित्र उमटविणाऱ्या भागाला ओपनजीएल नावाची पद्धत पुरेशी येत नसते. अशा वेळी त्या भागाचे नवे चालक सॉफ्टवेअर घालून पाहावे, अथवा स्टेलॅरियमची जुनी आवृत्ती घ्यावी. खरी मांडणी याच्या पुढची आहे, आणि तिच्यात तीन गोष्टी येतात: आपले ठिकाण, आपली वेळ आणि आपले क्षितिज. या तीन गोष्टी ज्याने नीट भरल्या त्याच्या पडद्यावर त्याच्या अंगणातले आकाश उतरते. ज्याने भरल्या नाहीत त्याला सुंदर चित्र दिसते, पण ते दुसऱ्याच कोणाचे तरी आकाश असते.

प्रथम ठिकाण घेऊ. इंटरनेट नसताना मी हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडले तेव्हा त्याने मला पॅरिस शहरात उभे केले. पॅरिस सुमारे ४९ अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ ४९ अंश वर, आकाशाच्या अर्ध्याहून उंच टांगलेला. आपल्याकडे तो एवढा वर कधी कोणी पाहिला आहे? ध्रुवाची उंची म्हणजेच स्थळाचा अक्षांश, हा शाळेच्या भूगोलातील नियम मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसला. कळफलकावरील एफ-६ ही कळ दाबली की ठिकाणाची चौकट उघडते. यादीतून आपले शहर निवडावे. खेडे असेल तर अक्षांश व रेखांश हाताने लिहावेत. सोलापूरसाठी १७ अंश ४० कला उत्तर आणि ७५ अंश ५४ कला पूर्व. इंटरनेटवरून ठिकाण ओळखण्याची जी खूण तेथे असते ती काढून टाकावी, कारण जोडणी देणारी कंपनी पुण्यामुंबईची असेल तर ती आपल्यालाही तेथेच नेऊन बसवू शकते. मग हेच ठिकाण कायमचे ठेवण्याची खूण करावी. आता ध्रुव पाहा. तो खाली उतरून पावणेअठरा अंशांच्या आसपास आलेला दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे उत्तर क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर ध्रुव. गच्चीवर जाऊन मोजा. जमले तर ठिकाण बरोबर भरले असे समजा.

दुसरी गोष्ट वेळ. एफ-५ या कळेने तारीख आणि वेळ यांची चौकट उघडते. ‘जे’ आणि ‘एल’ या कळांनी काळ मागे वा पुढे धावतो, ‘के’ने तो नेहमीच्या चालीवर येतो आणि ‘८’ दाबले की आपण वर्तमान क्षणी परत येतो. बरोबरच्या चिन्हाने एक दिवस पुढे व वजाच्या चिन्हाने एक दिवस मागे जाता येते. प्रमाण वेळ ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास आहे, तेवढी लिहिली आहे याची खात्री करावी. जुन्या संगणकांत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की दर वेळी संगणकाची तारीख भलत्याच वर्षी जाते आणि मग चंद्र आकाशात एकीकडे व पडद्यावर दुसरीकडे! दोष सॉफ्टवेअरचा नसतो. थोड्या पैशांची बॅटरी बदलली की चंद्र जागेवर येतो.

तिसरी गोष्ट क्षितिज, आणि हिच्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. स्टेलॅरियम उघडताच हिरवेगार सपाट मैदान दिसते. आपल्यापैकी किती जणांच्या गच्चीवरून सपाट मैदान दिसते? कोणाच्या पूर्वेला शेजाऱ्याची पाण्याची टाकी, कोणाच्या दक्षिणेला बंद पडलेल्या गिरणीची चिमणी. हे अडथळे सॉफ्टवेअरला सांगण्याची सोय आहे. कंपास घेऊन गच्चीवर उभे राहावे. उत्तरेपासून सुरुवात करून दर दहा अंशांवर समोरचा अडथळा किती उंच आहे ते मुठीने, अंगठ्याने मोजावे. हात लांब केल्यावर अंगठ्याची रुंदी सुमारे दोन अंश भरते. अशी छत्तीस मापे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावयाची: प्रत्येक ओळीत दोन आकडे, पहिला दिशेचा आणि दुसरा उंचीचा. तिच्यासोबत नाव-गाव सांगणारी एक छोटी फाइल जोडून, एफ-४ च्या चौकटीतील भूदृश्यांच्या भागातून ती आत घेतली की पडद्यावर आपल्या गच्चीचेच क्षितिज उभे राहते. त्याच चौकटीत शहरी उजेडाचे प्रमाणही ठरविता येते. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाच्या नऊ पायऱ्या सांगितल्या; एक म्हणजे निखळ काळोख आणि नऊ म्हणजे मोठ्या शहराचा मध्यभाग. आपण आठ किंवा नऊ लिहावे. पडद्यावरचे हजारो तारे मावळतील आणि मोजके उरतील. वाईट वाटेल, पण जे आहे ते खरे दिसेल.

एवढी मांडणी झाली की पहिला पाठ याच वसंतात घ्यावा. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेनऊची वेळ लावा. ‘सी’ने ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा आणि ‘व्ही’ने नक्षत्रसमूहांची नावे येतात, ‘क्यू’ने दिशा दिसतात. उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतील. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवीत नेली की स्वातीचा तांबूस तेजस्वी तारा लागतो आणि आणखी पुढे गेले की चित्रा. पश्चिमेकडे कललेली मघा, दक्षिणेला हस्ताचा चौकोन. मग हस्ताच्या खाली, थेट दक्षिण क्षितिजाकडे या. तेथे त्रिशंकूचे चार तारे उभे असतील. खालचा सुमारे नऊ अंशांवर, वरचा पंधरा अंशांवर. युरोपातल्या माणसाला घरबसल्या हा समूह दिसत नाही. आपल्याला तो दर वर्षी दिसतो आणि आपण मान वळवीत नाही. माझ्या घराच्या दक्षिणेला चिमणी आहे आणि तिचा माथा सुमारे बारा अंश उंच भरतो. क्षितिजाची फाइल भरल्यावर सॉफ्टवेअरने दाखविले की त्रिशंकूचा वरचा तारा चिमणीच्या माथ्यावरून जाईल व खालचा तिच्याआड लपेल. रात्री पाहिले तर तसेच घडले. पडद्याचा उजेड डोळे दिपवितो, म्हणून कंट्रोल आणि ‘एन’ दाबून पडदा लाल करावा आणि वीस-पंचवीस मिनिटे डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यावी.

दुसरा पाठ दिवसाउजेडी होतो, त्याला दुर्बीणही लागत नाही. गवंड्याचा ओळंबा पुरे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस मध्यान्ही सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. सोलापुरास हा दिवस १० मेच्या सुमारास येतो. दुसरा येतो ऑगस्टच्या आरंभी, पण तेव्हा बहुधा ढग असतात. स्टेलॅरियममध्ये १० मे ही तारीख लावा, एफ-३ ने सूर्य शोधा व मिनिटामिनिटाने पुढे जात त्याची उंची वाचा. ती जवळजवळ ९० अंश केव्हा होते? घड्याळात बारा वाजता मुळीच नाही. १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास होते.

ही तेवीस मिनिटे कोठून आली? येथे आपण माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. सोलापूर त्याच्या साडेसहा अंशांहून थोडे अधिक पश्चिमेस आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी सव्वीस मिनिटे मागे. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे ऋतूप्रमाणे थोडी घटवाढ होते. त्यामुळे नोव्हेंबरच्या आरंभी येथे सूर्य १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास माथ्यावरील रेषा ओलांडतो, तर फेब्रुवारीत १२ वाजून ४० मिनिटे होऊन जातात. मुंबईला हे अंतर सरासरी ३९ मिनिटांचे आहे. सरकारने १ जानेवारी १९०६ पासून प्रमाण वेळ लागू केली तेव्हा मुंबईत तिला कडाडून विरोध झाला. गिरणी कामगारांनीही आवाज उठविला आणि मुंबई महानगरपालिका पुढे कित्येक वर्षे जुनी ‘मुंबई वेळ’च पाळीत राहिली. आज आपण या गोष्टीला हसतो. पण कामगाराच्या बाजूने पाहा. भोंगा नव्या घड्याळावर, पण तोच आकडा वाजला असताना, होऊ लागला म्हणजे माणसाला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी अंथरुणातून उठावे लागणार. रेल्वे-तारखात्यांच्या सोयीसाठी एक वेळ हवी, हे मान्य. मात्र ती वेळ कोणी ठरविली व तिची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याचा अधिकार कामगाराला होता. मुंबईचे ठिकाण आणि १९०६ चे जानेवारीतील दिवस लावून पडद्यावर सूर्योदय पाहा. गिरणी कामगारांची तक्रार कशाची होती ते समोर दिसते.

घड्याळाचाच आणखी एक प्रसंग सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही; तो केव्हाच बंद पडला आहे. दुसरी पाळी रात्री बारा वाजता सुटे. मागावर मनगटी घड्याळ घालून जाण्यास बंदी होती, खात्यातील भिंतीवरचे घड्याळ तेवढे प्रमाण. तेथील एका वृद्ध तेलुगूभाषक विणकराने माझ्याजवळ तक्रार केली की हे घड्याळ मुद्दाम मागे ठेवलेले असते. कशावरून? तो म्हणाला, या दिवसांत मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण पश्चिमेच्या भिंतीआड गेला म्हणजे सुटीला पाव तास उरतो. काल बाण गेला तेव्हा घड्याळात अकरा वाजून पस्तीस मिनिटे होती. मी तारखेसह ते वहीत लिहिले: २२ मार्च. व्यवस्थापनापुढे तक्रार नेली तेव्हा ‘आता तारे साक्षीला आणणार का?’ म्हणून आमची थट्टा झाली आणि प्रकरण तेथेच मिटले.

स्टेलॅरियम हाताशी आल्यावर ती वही मी पुन्हा काढली. सोलापूर, २२ मार्च, बाणातील मधला तारा. सॉफ्टवेअरने सांगितले की हा तारा सपाट क्षितिजावर जवळजवळ बरोबर रात्री बारा वाजता मावळतो. हे ऐकून आमचे काही तरुण सहकारी उसळले: म्हणजे घड्याळ पंचवीस मिनिटे मागे होते! मी म्हटले, थांबा. विणकराने ‘क्षितिजाआड’ म्हटले नव्हते, ‘भिंतीआड’ म्हटले होते. ती भिंत अजून उभी आहे. तो ज्या दारात उभा राही तेथे उभे राहून मी मोजले. भिंत दोन अंगठे, म्हणजे चार अंश उंच भरली. आपल्या अक्षांशावर या ताऱ्याला एक अंश खाली उतरण्यास चार मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. पडद्यावर मिनिटामिनिटाने पुढे जात ताऱ्याची उंची चार अंश केव्हा होते ते पाहिले: ११ वाजून ४४ मिनिटे. विणकराचा ‘पाव तास’ एका मिनिटाच्या फरकाने खरा ठरला. घड्याळ मागे होते, पण पंचवीस मिनिटे नव्हे, नऊ मिनिटे. अंगठ्याच्या मापात अर्ध्या अंशाची चूक धरली तर दोन मिनिटे इकडेतिकडे. कमीत कमी सात, जास्तीत जास्त अकरा.

नऊ मिनिटे म्हणजे काय मोठेसे? महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर जवळजवळ चार तास होतात, आणि ते एका माणसाचे. सगळ्या खात्याचा गुणाकार आपणच करावा. आज त्या दाव्याला मुदत उरलेली नाही आणि तो विणकरही हयात नाही. परंतु त्याच्या घरी जाऊन त्याच्या मुलाला मी हा हिशेब दाखविला. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसाचे निरीक्षण एका मिनिटापर्यंत अचूक होते, हे त्याच्या घरच्यांना कळणे मला आवश्यक वाटले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे साधन आपल्या पक्षाचे वकीलपत्र घेत नाही. भिंत मोजली नसती तर आम्ही पंचवीस मिनिटांचा आरोप केला असता, आणि तो खोटा ठरला असता. जो दुसऱ्याचे घड्याळ तपासतो त्याने आपले क्षितिज आधी तपासले पाहिजे.

हीच पद्धत इतर गोष्टींना लावता येते. आपण संक्रांतीला म्हणतो की सूर्य उत्तरेकडे वळला. डिसेंबर महिना लावून बरोबरच्या चिन्हाने एकेक दिवस पुढे जात सूर्याची क्रांती वाचा. २१-२२ डिसेंबरला ती दक्षिणेकडे सुमारे २३ अंश २६ कला, म्हणजे सर्वांत जास्त असते आणि तेथून सूर्य परत फिरतो. १४ जानेवारीपर्यंत तो दोन अंश उत्तरेकडे आलेलाही असतो. असे का? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथपणे फिरतो, त्यामुळे तारे आणि ऋतू यांची सांगड सुमारे ७२ वर्षांत एक अंशाने सुटते. सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकर संक्रमण जवळजवळ एकत्र होती. आज चोवीसेक दिवसांचे अंतर पडले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित या शाळाशिक्षकाने १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात अशा प्रश्नांचा कसून विचार केला. पुढे डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने पंचांगांतील गोंधळाची छाननी केली आणि २२ मार्च १९५७ पासून आपले राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. त्यात पौषाचा आरंभ २२ डिसेंबरला होतो, तो याच हिशेबाने. तिळगूळ आपण जानेवारीतच वाटावा. गोडीला क्रांतिवृत्ताची आडकाठी नाही. पण सूर्य केव्हा वळतो हे माहीत असावे.

२००३ पासून एक निरोप दर ऑगस्टमध्ये फिरतो, की अमुक रात्री मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ, सुमारे ५ कोटी ५७ लाख ६० हजार किलोमीटरांवर आला होता. ती तारीख लावा, मंगळावर टिचकी मारा व त्याचा दृश्य व्यास वाचा: सुमारे २५ विकला. चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश, म्हणजे १८०० विकलांच्या आसपास. चंद्र सत्तरपटीने मोठा! निरोप पुढे ढकलण्यापूर्वी दोन मिनिटे खर्च केली की पुरे. ग्रहणांचेही तसेच. १६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी मुंबईचे रस्ते ओस पडले होते, हे माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. ती दुपार पडद्यावर पुन्हा लावता येते. कर्नाटकच्या किनाऱ्यापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला गेला आणि मुंबईत तो खंडग्रासच राहिला, हे ठिकाण बदलताच दिसते. चंद्र सूर्यासमोरून जातो व पुढे निघतो. त्यासाठी कोणा गर्भवतीने कोंडून घ्यावे किंवा कोणी रोजंदारी बुडवावी असे त्यात काही आढळत नाही. एक ताकीद मात्र हवी: प्रत्यक्ष सूर्याकडे, ग्रहण असो वा नसो, नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या दुर्बिणीतून कधीही पाहू नये.

कामगार वस्तीत साडेसातीच्या शांतीसाठी कर्ज काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना मी उपदेश करीत नाही, संगणकापुढे बसवितो. शनीला शोधून जवळ आणले की त्याची कडी दिसतात. मग काळ भराभर पुढे नेला की तो सुमारे साडेएकोणतीस वर्षांत आकाशाची एक फेरी पुरी करतो. शनी कोठे आहे हे यंत्र सांगते. तो कोणाच्या घरी काय करील याबद्दल त्यात एकही रकाना नाही. एका बाईंनी फेरी पाहून मला विचारले, ‘भाऊ, मग हा सगळ्यांसाठी एकाच जागी असतो की!’ मी ‘होय’ म्हणालो आणि पुढे काही बोललो नाही.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ढग, धूळ व धूर यांचा खरा हिशेब त्याला नाही. फार जुन्या काळी गेले म्हणजे काळजी घ्यावी लागते; १५८२ पूर्वीच्या तारखा तो जुन्या जूलियन पद्धतीने दाखवितो आणि इसवी सनापूर्वीची वर्षे मोजताना शून्य हेही वर्ष धरतो, त्यामुळे एका वर्षाचा घोटाळा होऊ शकतो. सर्वांत मोठी मर्यादा आपली स्वतःची आहे. पडद्यावरचे आकाश इतके देखणे असते की माणूस गच्चीवर जाणेच विसरतो. तसे झाले तर हे सगळे व्यर्थ होय. पडद्यावर दिसले ते अनुमान. गच्चीवर दिसले तो पुरावा.

शेवटी एक विनंती. आपल्या शहरातील कचेऱ्या दर काही वर्षांनी संगणक मोडीत काढतात. त्यांतील पुष्कळांवर स्टेलॅरियम चालू शकेल. असा एकेक संगणक प्रत्येक वाचनालयाने, प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक संघटनेच्या कचेरीने मागून घ्यावा. त्यात आपले ठिकाण, आपली वेळ आणि आपल्या गच्चीचे क्षितिज भरावे. आमच्या संघटनेच्या गच्चीचे क्षितिज मोजून तयार आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी त्याची प्रत न्यावी आणि तिच्यावरून आपली तयार करावी. शनिवारी रात्री पाळी सुटल्यावर आम्ही तेथे जमतो. कोणीही यावे, वर्गणी नाही आणि सभासदत्वाची अटही नाही.